जान्या, तुझा ठशांचा बैल

जान्या, तुझ्या तेरवीला माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं तुला कुणी वर येऊन सांगितलं, तर विश्वास ठेवू नको. मी जेवलो. चांगलं पोटभर जेवलो, वांग्याची भाजी मागून घेतली, आणि जेवता जेवता माणसं मोजायला बसलो. मध्येच मोजणं सोडलं, कारण पंगतीमागून पंगत उठत होती. पिंपळगाव राजाचे लोक, रोहिणखेडचे लोक, थेट लोणारहून एसटी बदलत आलेला एक म्हातारा. फिरत्या टॉकीजच्या एका मशीनवाल्यासाठी एवढी माणसं! माझ्या तेरवीला किती येतील याचा अंदाज मी तिथंच बांधला आणि मग भाजी गोड लागेना.

त्या लोणारच्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "बाबा, जानराव तुमच्या नात्यातला का?"

"नातं कायचं बाप्पा," तो म्हणाला. "त्यानं आमच्या गावात पडद्यावर बैल चालवला होता एकडाव. पोट्टे आजून त्याचंच बोलतात."

"मी बी होतो तवा. बोर्ड सारे म्याच रंगवले होते."

"असान," म्हातारा म्हणाला, आणि वाढप्याकडे पाहू लागला.

गेलेल्या माणसाचा तरी हेवा करू नये, असं लोक म्हणतात. त्या लोकांना तुझ्यासारखा मित्र मिळाला नसणार.

आपण दोघं एकाच ड्रॉइंग मास्तरांच्या हाताखालचे. चित्रकलेच्या परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली आणि तुला सी. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ते फक्त तुला, मला आणि मास्तरांना ठाऊक होतं. मास्तर गेले, आता तू गेलास, आणि साक्षीला उरलो एकटा मी. माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तुझ्या वहीत मास्तरांनी लाल शाईनं काय लिहिलं होतं, आठवतं? 'घाई करतो.' माझ्या वहीत लिहिलं होतं, 'सुबक.' त्या दोन शब्दांवर आपले दोन जन्म निघाले. तुझा लवकर निघाला, माझा सुबक निघाला, आणि टाळ्या साऱ्या तुझ्याकडे गेल्या.

बाबूशेठच्या फिरत्या टॉकीजमध्ये आपण एकाच साली लागलो. कापूस वेचून झाला की शेठचा तंबू निघायचा. आधी पिंपळगाव राजा, मग रोहिणखेड, मग घाट चढून लोणार. तू मशीन चालवायचास. मी बोर्ड रंगवायचो, आणि सिनेमाच्या आधी पडद्यावर जाहिरातीच्या काचा दिसतात त्या करायचो. काचेवर काजळीचा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, सुईनं अक्षरं कोरायची, त्यांत रंग भरायचा. माझ्या काचा चांगल्या असायच्या, हे तूसुद्धा कबूल करायचास. फक्त त्या वेळेवर मिळायच्या नाहीत. चपलांच्या दुकानाची एक काच मी इतकी सुबक केली की ती पूर्ण होईस्तोवर दुकानदारानं चपला सोडून किराणा सुरू केला होता.

मग तो ढेपवाला व्यापारी आला. सरकीच्या ढेपेचं त्याचं मोठं दुकान. माझी काच त्यानं पडद्यावर पाहिली, गव्हाळी रंगाचा बैल, गळ्यात घुंगरमाळ, आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "पेंटरभाऊ, थो बैल उभाच काऊन हाय?"

"चित्र हाय ना शेठजी. उभंच राहीन."

"माही ढेप खाऊन बैल उभाच राह्यते का? मले चालता पाह्यजे."

हे मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचं काम, असं मी सांगणार होतो. एवढ्यात मशीनमागून तुझा आवाज आला, "चालवून देऊ ना. त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं! तुझे हे तीन शब्द मी जन्मभर निस्तरतो आहे.

तुटलेल्या फिल्मचे तुकडे तू बिस्किटाच्या डब्यात साठवून ठेवायचास. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ते भिजवले आणि चिंधीनं घासले की त्यावरचं चित्र निघून जायचं आणि आरपार दिसणारी कोरी पट्टी उरायची. तिच्यावर टाकानं सरळ चित्रं काढायची. ना कॅमेरा, ना कंपनी. कडेच्या चार भोकांचं मिळून एक घर, टपालाच्या तिकिटाएवढं. अशी चोवीस घरं मशीनमधून गेली की पडद्यावर एक सेकंद होतो. तू पट्टीचं एक टोक कोपराला लावलंस, दुसरं बोटांच्या टोकापर्यंत ताणलंस आणि म्हणालास, "हे पाय. हातभर फिल्म म्हंजे एक सेकंद. झालं गणित."

काम मी घेतलं. ए ग्रेड माझी होती, तेव्हा ते मीच घ्यायचं हे उघड होतं. पोळ्याच्या आधी बसलो तो दिवाळीपर्यंत मान वर केली नाही. प्रत्येक घरात बैल नव्यानं काढला. गळ्याखालची लोंबती पोळी, वशिंडाची सावली, घुंगरमाळेतलं एकेक घुंगरू. आणि पापण्या! नखाएवढ्या बैलाला मी पापण्या काढल्या. माझी बायको भाकरीचं ताट आणून ठेवायची आणि विचारायची, "आज कुठवर आलं?" मी सांगायचो, "शेपटीपर्यंत." दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. एवढं करून पडद्यावर तो बैल किती वेळ दिसणार होता? जांभई द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

पिंपळगाव राजाला पहिला खेळ लागला. तंबू खच्चून भरला. ढेपवाला व्यापारी बायकोपोरांना घेऊन खुर्चीवर. इंजिन धडधडलं, पडद्यावर उजेड पडला आणि माझा बैल आला.

तोंड वर, शेपूट खाली. झाडावर सरडा चढतो तसा एकेक पाय टाकत तो पडद्यावर सरळ उभा चढायला लागला.

झालं होतं असं की पट्टी मी टेबलावर माझ्यासमोर आडवी ठेवली आणि तिच्यावर बैल आडवा चालवला. मशीनमधून पट्टी वरून खाली उभी जाते. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं रोज डोळ्यांनी पाहत होतो. पण काढताना मी बैलाच्या पापण्यांचा विचार करत होतो, आणि बैल उभा आहे की आडवा हा विचार करायला माझ्याकडं वेळ नव्हता.

"अबे, बैल भितीवर चढून राह्यला!" कुणीतरी ओरडलं.

"धरा रे त्याले! तंबू फाडते आता!"

मी बाकाखाली शिरायच्या बेतात होतो. तेवढ्यात तू पट्टी परत फिरवलीस आणि भोंग्यातून तुझा आवाज घुमला, "पाहा मायबाप, पाहा! आमची ढेप खाल्ली का बैल भितीवर बी चढते!"

तंबू नुसता कोसळायचा राहिला. लोक बाकांवर उभे राहिले, टोप्या उडाल्या. ढेपवाला स्वतः उठून पडद्याला नमस्कार करायला लागला. त्या साली तो बैल प्रत्येक गावात चढला, आणि प्रत्येक गावात लोक म्हणाले, "वा जानराव!" पापण्या कुणालाच दिसल्या नाहीत.

यावर आपलं एक भांडण अर्धं राहून गेलं, जान्या. मी तुला विचारायचो, "फिल्म तूच लावली मशीनवर. तुले आधी दिसलं नसन का बे?" एकदा तू म्हणालास, दिसलं नाही. एकदा म्हणालास, "दिसलं, पण तुयं तोंड पाह्यलं अन् सांगनं झालं नाई." आणि एकदा, चांगली भरपेट भेळ खाल्ल्यावर, म्हणालास, "दिसलं म्हणून तर माइकपाशी बसलो ना." तिन्ही वेळा तुझं हसू तेच. तू मला वाचवलंस की माझं काम घेऊन स्वतःचं नाव केलंस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हातारे झालो की एखाद्या ओट्यावर बसून तुला नीट बोलतं करू, असं मी ठरवून ठेवलं होतं. तू काही म्हातारा व्हायला थांबला नाहीस.

पुढच्या साली तू म्हणालास, "या खेपेला मी करतो."

"तुह्या सी ग्रेडनं?"

"सी तर सी."

आणि तू कामाला लागलास म्हणजे काय केलंस, तर रस्त्यात उभा राहून बैलांचे पाय पाहायला लागलास. बाजाराहून गाड्या परत यायच्या आणि तू वडाखाली उकिडवा बसून त्यांच्या खुरांकडे टक लावायचास. गाडीवान विचारायचे, "पाय लंगडला का माह्या बैलाचा?" मी गावभर सांगत फिरलो की जान्याचं डोकं फिरलं. आठवड्याच्या आत तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "वश्या, बैलाचं धड काई बदलत नाई बे. मान थोडीशी हालते. बदलतात ते पाय. अन् पाय बी चार पावलांनी फिरून तेच येतात. मंग दरवेळी नवा बैल कायले काढा?"

रबराचे ठसे कोरलेस तू. धडाचा एक, मानेचा एक, पायांचे वेगवेगळे. पट्टी हलू नये म्हणून लाकडाच्या फळीला दोन खिळे मारलेस आणि ठसे टेकवायला भोवती चौकट ठोकलीस. पट्टीची भोकं त्या खिळ्यांत अडकवायची, ठसा चौकटीला टेकवायचा आणि दाबायचा. धड, मान, पाय, पुढचं घर. धड, मान, पाय, पुढचं घर. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत मी जेवढं केलं होतं तेवढं तू ठसे कोरण्यासकट एका आठवड्यात केलंस, आणि त्या आठवड्यातल्या निम्म्या दुपारी तू विहिरीत पोहत होतास. ते मी पाहिलंय, कारण मी खिडकीतून तेच पाहत होतो.

मग तू त्याहून वाईट केलंस. चार पावलांची पट्टी कापलीस, तिची दोन्ही टोकं चिकटवून माळ केलीस, ती तंबूच्या बांबूवरून सोडलीस आणि मशीनमध्ये फिरवत ठेवलीस. बैल चालतोय, चालतोय, चालतोच आहे. तू बाहेर जाऊन कटिंग चहा पिऊन आलास, तरी बैल चालतोच आहे. मी काढलेला सेकंद जांभईत संपत होता, आणि तुझा तेवढाच तुकडा संपायचं नाव घेत नव्हता.

"हे चित्र नाई, छापखाना हाय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुया बैल चालते, पण कुठी पोचत नाई."

"बैल कुठी पोचते बे? जल्मभर चालतेच ना?"

"मी पापण्या काढल्या होत्या, जान्या."

"कोणाले दिसल्या?"

"मले दिसल्या."

"मंग घरी लावाच्या ना भितीले."

त्यानंतर आपण कितीतरी दिवस बोललो नाही. तुझं म्हणणं, पाहणाऱ्याला चित्र दिसतं, त्याला लागलेला वेळ दिसत नाही. माझं म्हणणं, दिसतो. सांगता येत नाही पण दिसतो. या वादात शेवटचा शब्द कुणाचा होता ते मला आठवत नाही. बहुतेक तुझाच असणार, कारण मी शब्द शोधत असतानाच तू दुसरं काहीतरी करायला निघून जायचास.

तुला वाटायचं, मी तुझ्या टाळ्यांवर जळतो. जळायचोच. पण टाळ्या वर्षातून दोन-तीन महिने पडतात. खरा जळायचो तो तुझ्या रिकाम्या दुपारींवर. मी काचेवर वाकून मान मोडत बसलेला असायचो आणि समोरच्या ओट्यावर तू आणि सुमनवहिनी शेंगा फोडत बसलेले. वहिनी काहीतरी म्हणायच्या, तू मोठ्यानं हसायचास, टरफलं उडवायचास. माझी बायको आतून म्हणायची, "जानरावभाऊजींचं झालं म्हणे. तुमचा अजून शेपटीवरच हाय का?" मला कळत नसे की एवढ्या मोकळ्या वेळाचं माणूस करतो काय. शेंगा फोडतो, हे दिसत होतं. पण ते इतकं सुखाचं कसं दिसतं, ते कळत नव्हतं. मी तर एकाही संध्याकाळी असा बसलो नव्हतो.

एवढा वेळ वाचवलास, जान्या. काय केलंस त्याचं? हातभर फिल्मसाठी महिने घालणारा मी इथं धडधाकट बसलोय, आणि साऱ्यांच्या आधी काम उरकणारा तू साऱ्यांच्या आधी उठून गेलास. मास्तरांनी लाल शाईनं लिहिलं होतं ते याच्यासाठी नव्हतं रे.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी बाबूशेठ माझ्या दारात. हातात तुझा बिस्किटाचा डबा, काखेत ती खिळ्यांची फळी. हंगामाच्या पहिल्या खेळाला दाखवायची फिल्म तू अर्धी करून ठेवली होतीस. एक बैल, एक दमणी, माणसं न्यायची हलकी गाडी. दमणीत घरची माणसं बसलेली, ती गावातून निघते, रस्त्यानं चालते आणि टॉकीजच्या तंबूपुढं येऊन थांबते. गावातून निघून अर्ध्या रस्त्यापर्यंत तू आणली होतीस. मग ताप आला.

"वसंता, तूच पुरी कर," शेठ म्हणाले. त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला, पण सोडला नाही. "जोड दिसता कामा नये. लोकांले वाटलं पाह्यजे जानरावचीच हाय."

डबा मलाही धरवेना, पण वेगळ्या कारणानं. तुझा बैल संपून माझा सुरू होतो ती जागा लोकांना दिसली, तर म्हणतील, पेंटरला जमलं नाही. नाही दिसली, तर सगळंच तुझं. कसंही झालं तरी हरायचं मीच. तू जाताना मला बरोब्बर अडकवून गेलास.

तेव्हा मी ठरवलं की जोड दिसायलाच हवा. मी माझ्या हातानं काढणार, टाकानं, आणि असा बैल काढणार की अर्ध्या रस्त्यावर लोक म्हणतील, अरे, आता कुठं खरा बैल आला! पट्टी घेतली. या खेपेला उभी धरली. माणूस काहीतरी शिकतो. काढायला बसलो. गळ्याची पोळी, वशिंड, घुंगरं. दिवस कलला तेव्हा एक घरसुद्धा पुरं झालं नव्हतं. या चालीनं दमणी तंबूपुढं पोचेपर्यंत दुसरा पोळा आला असता. बाबूशेठचा माणूस दारावरून तीनदा चक्कर मारून गेला आणि तिन्ही वेळा खोकला.

मग तुझा डबा उघडला. बैलाचे ठसे, दमणीचा, तंबूचा, एकेक हातात घेतला. धडाचा ठसा उलटा केला आणि पाहतच राहिलो. मागं रबरावर बारीक चौकड्या होत्या. या चौकड्या मी ओळखतो. रोहिणखेडच्या मुक्कामात तंबूबाहेरून माझी डावी चप्पल नाहीशी झाली होती, आणि मी एका पायानं बोर्ड रंगवत होतो. तू माझ्याबरोबर गावभर हिंडलास. कुत्र्यांना शिव्या घातल्यास. एका काळ्या कुत्र्यावर तर तू शपथेवर आरोप केलास. जान्या, हरामखोरा, तुझा सगळा नावलौकिक माझ्या डाव्या चपलेवर उभा आहे! घरातच जोरानं शिवी दिली मी. बायको बाहेर आली. तिला वाटलं, मी तुझ्या आठवणीनं हंबरडा फोडला. ती पाठीवरून हात फिरवायला लागली, आणि काय सांगणार, मग खरंच फुटला.

दुसऱ्या दिवशी फळीवर पट्टी अडकवली. धड, मान, पाय, पुढचं घर.  हळूहळू हाताला लय सापडली. तुझ्याच बैलाचे पाय, मी फक्त दाबत होतो. दुपारच्या जेवणाच्या आत हातभर फिल्म झाली. संबंध एक सेकंद! मी ती खिडकीच्या उजेडात धरली. वाईट नव्हती. मी म्हणतो म्हणून नाही, खरंच वाईट नव्हती.

मग मी इकडंतिकडं पाहिलं. शाई वाळायची होती, तोवर पुढचं करता येत नव्हतं. दुपार नुकती सुरू झाली होती आणि मला करायला काहीही नव्हतं. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. ओट्यावर जाऊन बसलो. समोर तुझा ओटा. मला शेंगा आठवल्या. घरातून पसाभर आणल्या, दोन-चार फोडल्या. आणि मग कळलं, जान्या, की इतकी वर्षं ज्याच्यावर मी जळलो ती रिकामी दुपार एकट्या माणसाच्या काही कामाची नसते. समोर कुणीतरी लागतं, टरफलं उडवायला. ती दुपार मला मिळाली ती अशा वेळी, की तिच्यात बसून ज्याच्याशी भांडायचं तो तूच नव्हतास. मला तेव्हा तुझा राग आला. असाही हेवा असतो की काय, कोण जाणे, पण त्या ओट्याचासुद्धा हेवा वाटला. त्यानं तुला रोज पाहिलं होतं.

पुढचे दिवस मी झपाट्यानं दाबत गेलो. झपाटा अंगात आला की सावधपणा जातो, हे तुला कुणी सांगायला नको होतं. मला सांगायला हवं होतं. फळीवर मानेचा ठसा टेकतो तिथला चौकटीचा खिळा ढिला झाला होता. मानेचा ठसा प्रत्येक घरात केसभर खाली सरकत होता आणि मी आपला खुशाल, धड, मान, पाय. लक्षात आलं तेव्हा बरंच झालं होतं. मी खिळा ठोकला, मान परत जागेवर आणली आणि पुढचं दाबलं. झालेलं पुसून काढायला वेळ नव्हता. मी, वेळ नव्हता म्हणून चूक तशीच ठेवली! मास्तर असते तर माझ्या वहीतही लाल शाईनं तुझाच शेरा पडला असता.

खेळाआधी दाखवून पाहायचं म्हणून बाबूशेठनं जिनिंगचं रिकामं गोदाम घेतलं. दारं-खिडक्या लावल्या, भर दुपारी अंधार केला, चादर ताणली. मशीन शेठनं स्वतः लावलं. चार-पाच हमाल घाम पुसत कडेला बसले. आणि शेठच्या आईबरोबर सुमनवहिनी आल्या. मला वाटलं नव्हतं त्या येतील. गावानं बोलायचं ते बोललं असणार. त्या पोत्यांच्या थप्पीवर बसल्या आणि म्हणाल्या, "एकडाव पाहू द्या मले. मंग नाई येत."

पडद्यावर तुझी दमणी निघाली. गाव मागं पडलं. बैल चालू लागला, तुझ्या चार पावलांनी, तुझ्या ढंगात.  अर्धा रस्ता आला. मी श्वास धरला. जोड आला आणि गेला. कुणाला कळला नाही. शेठला नाही, हमालांना नाही.  म्हणजे सगळंच तुझं झालं.

मग तो ढिल्या खिळ्याचा तुकडा आला. चालता चालता बैलाची मान हळूहळू खाली गेली, गेली, पार गुडघ्यापर्यंत गेली आणि एकदम झटक्यात वर आली.

"अबे! रामराम करून राह्यला!" एक हमाल ओरडला.

गोदाम हसण्यानं भरलं. शेठनं मशीन थांबवून डोळे पुसले. "एकडाव अजून लावा शेठ, एकडाव!" त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा बैलानं मान वाकवून सगळ्यांना रामराम घातला, पुन्हा हशा.

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच, असं शेठच्या आई नंतर म्हणाल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "ही खोड त्यायचीच," त्या म्हणाल्या. "मले वाटलंच होतं. कायतरी गंमत करून ठेवल्याबिगर नाई जायचे ते."

माझ्या तोंडाशी आलं, वैनी, ती गंमत नाही, चूक आहे, आणि चूक माझी आहे. त्या क्षणी जान्या, तुझा जेवढा हेवा मला वाटला तेवढा जिवंतपणी कधी वाटला नव्हता. माझ्या चुकासुद्धा तुझ्या नावावर! पण त्यांच्याकडे पाहिलं आणि जीभ आत घेतली. तुलाही एकदा माझं तोंड पाहून सांगणं झालं नव्हतं म्हणे. असेलही. आता मी तुझ्यावर तेवढा विश्वास ठेवतो.

थोड्या वेळानं वहिनींनी विचारलं, "भाऊजी, यात तुमचं कोणतं?"

काय सांगणार? पुढचा अर्धा भाग त्यांनी तुझा करून टाकला होता. उरला होता पहिला.

"सुरुवातीचं," मी म्हटलं. "गावातून निघते थे. अर्ध्या रस्त्यापर्यंत."

वहिनींनी शेठला सांगून ते परत लावायला लावलं. तुझी दमणी पुन्हा गावातून निघाली. तुझा बैल, तू तापात पडायच्या आधी दाबलेला, एकही ठसा न हललेला. त्यांनी तो डोळे बारीक करून नीट पाहिला. मी मनातून तुला म्हणत होतो, पाह्य बे, आता तुझा निकाल लागतो.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या.  मला दुखवायचं नव्हतं त्यांना. "पण त्यायच्या हातासारकं नाई."

जान्या, तुझ्या बायकोनं तुझा बैल पाहिला आणि सांगितलं की हा जानरावच्या तोडीचा नाही! जन्मभर मी तुझ्यावर जळलो. तुला जळवावं असं पहिल्यांदाच काहीतरी माझ्या हाती लागलं, आणि ते ज्याला धावत जाऊन सांगावं असा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच होता. माझे खांदे हलायला लागले. मी हसू दाबत होतो की दुसरं काही, ते मलाच कळेना. वहिनींना वाटलं, त्यांचं बोलणं मला लागलं.

"मनाले लावून घेऊ नका भाऊजी," त्या म्हणाल्या. "करता करता जमन तुमाले बी."

"हाव वैनी," मी म्हटलं.